एका संगणकावर रनटाइमची अनेक व्हर्जन्स

जावा, पायथन, नोड यांसारख्या रनटाइमची दोन किंवा अधिक व्हर्जन्स एकाच संगणकावर ठेवून प्रत्येक प्रोजेक्टला त्याचे व्हर्जन पुरवण्याची पद्धत. रनटाइम म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींची या विषयाशी गाठ लवकर पडते. कॉलेजात जावा ८ वर शिकलेले असते, हातात आलेला प्रोजेक्ट १७ वर असतो आणि त्याच लॅपटॉपवर एखाद्या जुन्या ग्राहकाचे कामही सांभाळायचे असते. जावाचे व्हर्जन ८ हे मार्च २०१४ मध्ये आले, व्हर्जन ११ हे सप्टेंबर २०१८ मध्ये, व्हर्जन १७ हे सप्टेंबर २०२१ मध्ये. नवी जावा जुन्या जावासाठी कंपाइल केलेली, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवण्याजोगी बनवलेली फाइल बहुतेक वेळा चालवते. जुनी जावा मात्र नवी फाइल उघडतच नाही. अशा प्रत्येक फाइलवर, म्हणजे क्लास फाइलवर, क्रमांक असतो: ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१. चूक दाखवताना संगणक हेच आकडे दाखवतो, म्हणून ते पाठ असलेले बरे. नवी जावाही सगळे जुने चालवते असे नाही. एक्सएमएल या माहिती लिहिण्याच्या स्वरूपासाठी वापरला जाणारा जॅक्स-बी हा भाग ११ मध्ये काढून टाकला गेला आणि त्यावर बेतलेले प्रोग्राम अडले.

दोन व्हर्जन्स एकत्र नांदतात, कारण प्रत्येकाचे फोल्डर वेगळे असते. खरा प्रश्न हाक कोणाला ऐकू जाते हा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, नुसते ‘जावा’ लिहिले की संगणक ‘पाथ’ या यादीतली फोल्डरे क्रमाने तपासतो आणि पहिल्यांदा सापडेल ती जावा चालवतो. नागपुरात भर रस्त्यात ‘भाऊ’ म्हणून हाक मारली, तर जो जवळ असेल तो ओ देतो, तसेच हे. किती व्हर्जन्स इन्स्टॉल केली याला महत्त्व नाही. यादीत आधी कोण, याला आहे.

विंडोजवर यातून एक हमखास गोंधळ होतो. ‘जावा होम’ या सेटिंगमध्ये १७ चे फोल्डर लिहिलेले असते, पण टर्मिनलमध्ये ‘जावा’चे व्हर्जन विचारले की ८ उत्तर देते, आणि जावाचे प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हन या साधनाला विचारले तर तो १७ सांगतो. दोघेही बरोबर असतात. मेव्हन ‘जावा होम’ पाहतो, टर्मिनल ‘पाथ’ पाहते. त्यातही विंडोज सिस्टिमचा पाथ आधी वाचते, वापरणाऱ्याचा नंतर. त्यामुळे आपल्या यादीत सगळ्यात वर लिहिलेले फोल्डरही मागे पडू शकते. पाथ बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडावी. नवशिक्यांचा अर्धा दिवस इथेच जातो, आणि त्यांना हे कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवे.

पाथमधला हा क्रम हाताने बदलावा लागू नये म्हणून साधने आहेत. नोडसाठीचे एनव्हीएम लिनक्स व मॅकवर फक्त त्या टर्मिनलचा पाथ बदलते, त्यामुळे दोन खिडक्यांत दोन व्हर्जन्स चालतात. त्याच नावाचे विंडोजवरचे साधन मात्र एक सामाईक दुवा फिरवते. बदल सगळ्या खिडक्यांना लागू होतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्जनचा आकडा लिहिलेली छोटी फाइल ठेवण्याची सोय अशा अनेक साधनांत असते. ही फाइल कोडबरोबर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकावी. नव्या माणसाला विचारत बसावे लागत नाही.

पायथनची कथा जरा नाजूक आहे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्यातले जुने प्रोग्राम लगेच नाहीसे झाले नाहीत. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सिस्टिमची स्वतःची कामे तिच्याबरोबर आलेल्या पायथनवर चालतात. ते पायथन बदलले की कधीकधी टर्मिनलसुद्धा उघडत नाही. म्हणून त्याला हात लावू नये. वेगळे व्हर्जन पायएनव्ही या साधनाने घ्यावे आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या (प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे संच) ‘व्हेन्व्ह’ या स्वतंत्र कप्प्यात ठेवाव्यात. पायथन ३.३ पासून व्हेन्व्ह सोबतच मिळते, पण ते फक्त लायब्रऱ्या वेगळ्या करते, पायथनचे नवे व्हर्जन आणून देत नाही.

२०१३ मध्ये आलेल्या डॉकर या साधनाने रनटाइमसकट सगळे एका डब्यात बंद करण्याची वाट दिली. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ती जड जाते. तिथे पाथ समजून घेणेच स्वस्त पडते.