सुरतेतील खान्देशी कुटुंबे

धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी सुरतेत जाऊन स्थायिक झालेला, बहुतांशी अहिराणी बोलणारा समाज. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली या भागांत त्याची दाट वस्ती आहे. पावसाच्या भरवशावरची कोरडवाहू शेती आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवरून थेट सुरतेला जाणारा तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग यांमुळे ही वाट रुळली. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खान्देश एकाच मुंबई राज्यात होते; त्यानंतर तेच जाणे परराज्यात जाणे ठरले.

पहिली पिढी यंत्रमागाच्या खात्यांत आणि कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामाला लागली. तिला गुजराती परकी वाटली नाही, कारण अहिराणीतील ‘हाई मन्हं घर शे’ आणि गुजरातीतील ‘आ मारुं घर छे’ यांत अंतर थोडे आहे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमही आहे, तरी पुढच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुले गुजरातीकडे किंवा इंग्रजीकडे वळतात. त्यामुळे तिसऱ्या पिढीत आजीशी बोलण्यापुरती अहिराणी टिकते आणि खरी झीज प्रमाण मराठीची होते. मराठी लग्नपत्रिका अडखळत वाचणारा नातू आजीची अहिराणी मात्र सहज समजतो, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यायला हवी. सार्वजनिक जीवनात हा समाज चांगलाच रुजला आहे. जळगाव जिल्ह्यातील पिंप्री अकराऊत येथे जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आणि गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले.

गावाशी असलेला धागा सर्वांत ठळक दिसतो तो श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या, कानबाई या खान्देशी लोकदेवतेच्या उत्सवात. सुरतेतही कानबाई बसते, परंतु भाऊबंदांचे रोट, म्हणजे कानबाईचा गव्हाचा नैवेद्य, जिथे होतात तिथे जाण्याची ओढ मोठी असते. रोटांसाठी घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेण्याची रीत आहे, आणि सुरतेत जन्मलेल्या नातवाची मूठही त्यात धरली जाते. स्त्रियांची मूठ या मापात नसते. मात्र नातवाच्या कानी अहिराणी पडते ती आजीमुळे, आणि खान्देशातून लग्न होऊन आलेल्या सुनेमुळे.