सगळ्यात कर्कश विमान जेट नव्हतं, पंखेवालं होतं

लोहगावच्या आसपास राहणाऱ्या माणसाला विमानाच्या आवाजाबद्दल काही शिकवायला जाऊ नये. धानोरी, विश्रांतवाडी, विमाननगर, इकडे फोनवर बोलताना "थांब, सुखोई जाऊ दे" म्हणून गप्प बसायची सगळ्यांना सवय आहे, आणि पलीकडचा माणूस पुण्याचाच असेल तर तो पण काही विचारत नाही. २००२ मध्ये एअरफोर्सची सुखोई-३० एमकेआय दाखल झाली तीच मुळी लोहगावला. त्यामुळे इथे कुणालाही विचारा की सगळ्यात जास्त आवाज कशाचा, तर उत्तर फायटर जेट असंच येणार. पण ज्याला आजवरचं बहुतेक सगळ्यात कर्कश विमान म्हणतात त्याच्या नाकावर चक्क प्रॉपेलर होता.

अमेरिकेतल्या रिपब्लिक कंपनीचं ते एक्सएफ-८४एच. २२ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून पहिल्यांदा उडालं. आयडिया तशी वाईट नव्हती. त्या काळची जेट इंजिनं पाण्यासारखं इंधन प्यायची आणि थ्रॉटल दिला तरी जोर यायला वेळ लावायची, मग कुणीतरी म्हणालं की फायटरलाच टर्बोप्रॉप लावून बघू, म्हणजे गॅस टर्बाइननं प्रॉपेलर फिरवायचा. ५,८५० हॉर्सपॉवरचं इंजिन, १२ फूट व्यासाचा तीन पात्यांचा प्रॉपेलर. आता यातली मेख अशी की हा प्रॉपेलर कायम एकाच स्पीडनं फिरायचा, जोर कमीजास्त करायचा तर पात्यांचा कोन बदलायचा. म्हणजे विमान नुसतं जमिनीवर उभं आहे, पायलट कुठे जात नाहीये, तरी पाती फुल्ल स्पीडला, आणि प्रत्येक पात्याचा बाहेरचा ६० ते ७५ सेंटिमीटरचा भाग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगात.

त्यामुळे काय व्हायचं, तर प्रत्येक पातं स्वतःची शॉकवेव्ह, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढवणारी लाट, घेऊन फिरायचं आणि ती प्रॉपेलरच्या दोन्ही बाजूंना फेकली जायची, एकदा नाही, सेकंदाला शंभराच्या वर वेळा. ४० किलोमीटरवर आवाज ऐकू जायचा असं सांगतात. जवळ काम करणाऱ्या ग्राउंड क्रूला मळमळायचं, डोकं ठणकायचं. कंट्रोल टॉवरला तर या कंपनांनी आपली नाजूक उपकरणं बिघडतील अशी भीती वाटायला लागली, शेवटी इंजिन चालू करायच्या आधी विमान ओढून लांब कोरड्या तळ्यावर नेऊन उभं करायला लागले. नाव पडलं थंडरस्क्रीच. एकूण १२ टेस्ट फ्लाइट झाल्या आणि त्यातल्या बहुतेक इमर्जन्सी लँडिंगनं संपल्या. एक टेस्ट पायलट एकदाच बसला आणि परत बसायला त्यानं साफ नकार दिला. १९५६ मध्ये गाशा गुंडाळला. दोन बनवली होती, त्यातलं एक ओहायोमधल्या डेटनच्या एअरफोर्स म्युझियममध्ये आहे, अर्थात आता गप्प.

तर प्रॉपेलरच्या टोकांचा वेग हा सगळा खेळ आहे. साधारण प्रॉपेलर बनवताना टोकं आवाजाच्या वेगाच्या खालीच ठेवतात, कारण तो ओलांडला की पात्याला होणारा विरोध एकदम वाढतो, पॉवर वाया जाते आणि वाया गेलेल्यातली काही आवाज होऊन बाहेर पडते.

आता गोव्याची गोष्ट. १९८८ मध्ये नेव्हीनं सोव्हिएत युनियनकडून टीयू-१४२ ही समुद्रावर टेहळणी करणारी विमानं घेतली, आठ, आणि ती आधी दाबोळीला आयएनएस हंसावर होती. १९९२ ला तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये रिटायर झाली. चार इंजिनं, प्रत्येक इंजिनावर एकामागे एक दोन प्रॉपेलर, एक उजवीकडे फिरणार तर दुसरा डावीकडे. वास्को, चिखली, बोगमाळो भागात त्या चार वर्षांत जे लोक होते त्यांनी हा आवाज घरबसल्या ऐकलेला आहे, आणि तो सुखोईसारखा नाही, एका सुरातली दणदणीत घरघर आहे, आधी छातीत जाणवते मग कानात.

याचं गणित घरी करता येतं. प्रॉपेलरचा व्यास ५.६ मीटर, मिनिटाला ७५० फेरे म्हणजे सेकंदाला साडेबारा. परीघ साधारण साडेसतरा मीटर, म्हणजे टोक सेकंदाला २२० मीटर जातंय. हे आवाजाच्या वेगापेक्षा बरंच कमी आहे, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा की विमान स्वतः पण ताशी ७२० किलोमीटरनं म्हणजे सेकंदाला २०० मीटर पुढे चाललंय, आणि हे दोन वेग एकमेकांना काटकोनात असल्यामुळे शाळेतला पायथागोरस लावायचा, उत्तर येतं सुमारे २९७. दहा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत आवाजाचा वेगच मुळात सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास असतो. म्हणजे टोकं अगदी उंबरठ्यावर! खाली टेकऑफच्या वेळी टोकं एवढी जोरात नसतात, पण तिथे दुसरी भानगड असते, पुढच्या प्रॉपेलरनं ढवळलेली हवा मागचा प्रॉपेलर उलट्या दिशेनं कापतो आणि प्रत्येक पातं ती कापताना दाबाचा एक ठोका बसतो. ती घरघर मुख्यतः याची.

जेटचं शास्त्र वेगळं आहे. तिथे आवाज करतो तो मागून सुटणारा झोत, तो आजूबाजूच्या शांत हवेत घुसतो, भोवरे होतात, आणि त्या भोवऱ्यांच्या मारामारीतून आवाज निघतो. १९५२ मध्ये जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञानं दाखवलं की या आवाजाची पॉवर झोताच्या वेगाच्या आठव्या घाताप्रमाणे वाढते. आठव्या! वेग दुप्पट केला तर आवाजाची पॉवर २५६ पट, डेसिबलमध्ये २४ नी जास्त. प्रवासी विमानं गेल्या पन्नास साठ वर्षांत एवढी शांत झाली त्याचं मोठं कारण हेच, मोठा पंखा लावून भरपूर हवा हळू ढकलायची, थोडी हवा जोरात नाही. फायटरला मोठा पंखा परवडत नाही, त्याला बारीक इंजिन आणि जोरात झोत हवा. वर सुखोईचं आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या नळीत अजून इंधन ओतून पेटवायचं, झोत आणखी तापतो, आणखी जोरात सुटतो, प्रत्येक इंजिनातून सुमारे साडेबारा टनांचा रेटा मिळतो आणि आठव्या घाताचा हिशोब आपल्या खिडक्या चुकता करतात. (इतक्या वेगवान झोतांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पण कल्पना यावी म्हणून ठीक.)

आफ्टरबर्नरच्या आवाजात एक टर्रर्र असतं, कुणीतरी मांजरपाटाचं अख्खं ठाण कानाजवळ फाडल्यासारखं. त्याला क्रॅकल म्हणतात. काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाच्या इंजिनाचा अभ्यास करताना फॉक्स विल्यम्स हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे नीट मांडलं: दाबाची लाट वरखाली सारखी नसते, मध्येच एकदम टोकदार उसळी मारते, आणि कानाला त्या टोकांचाच त्रास होतो. एकूण डेसिबल तेवढेच असले तरी क्रॅकलवाला आवाज जास्त झोंबतो.

आणि एअर शोला गेलेल्यांना एक अनुभव नक्की असेल, फायटर समोरून येतं तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, डोक्यावरून गेलं की मग फुटतो आवाज, आणि तुम्ही आकाशात जिथे बघताय तिथे विमान नसतंच. एक तर झोताचा आवाज मागे आणि तिरका जास्त जातो. दुसरं म्हणजे विमान सेकंदाला २५० मीटर जात असेल तर ३०० मीटरवरून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास एक सेकंद लागतो, तेवढ्यात ते पाव किलोमीटर पुढे गेलेलं असतं. लहान पोरांना नेत असाल तर कानाला लावायचं काहीतरी न्या, आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. विमानवाहू जहाजाच्या डेकवरचे लोक इअरप्लग आणि त्यावर इअरमफ असं दोन्ही लावतात.

पुण्यात वरून जाणाऱ्या सुखोईच्या आवाजाला बरेच लोक सॉनिक बूम म्हणतात, तो सॉनिक बूम नाही. विमान सुपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगात असलं की त्याच्या शॉकवेव्हचा जो दणका खाली ऐकू येतो तो बूम, आणि तो कसा असतो ते बंगळुरूवाल्यांना विचारा. २० मे २०२० ला भर दुपारी, लॉकडाऊनमध्ये, शहरभर एवढा दणका बसला की लोकांना भूकंप वाटला. संध्याकाळपर्यंत खुलासा आला की एअरफोर्सचं टेस्ट फ्लाइट होतं, शहराच्या हद्दीच्या बऱ्याच बाहेर, ३६ ते ४० हजार फुटांवर विमान सुपरसॉनिकवरून वेग कमी करत असताना तो बूम झाला असावा, आणि असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरवर पण ऐकू येऊ शकतो. बूम फक्त वेग ओलांडताना एकदाच होतो असा समज आहे, तसं नाही. विमान सुपरसॉनिक असेपर्यंत तो त्याच्या मागे जमिनीवरून सरकत असतो, प्रत्येक गावाला आपापला एकदा ऐकू येतो. गंमत म्हणजे यातला दाबाचा फरक हवेच्या दाबाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी असतो. पण तो क्षणात होतो म्हणून दचकायला होतं.

अमेरिकेनं १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने मुद्दाम १,२५३ बूम पाडले, रोजचे आठ, लोकांना सवय होते का बघायला. खिडक्या फुटल्या, तक्रारींचा ढीग पडला, आणि साधारण चौथा हिस्सा लोक म्हणाले आम्हाला हे कधीच चालणार नाही. १९७३ मध्ये तिथे प्रवासी विमानांना जमिनीवरून सुपरसॉनिक जायला बंदी आली. आता नासाचं एक्स-५९ आलंय, ऑक्टोबर २०२५ ला पहिल्यांदा उडालं. सुमारे ३० मीटर लांब, त्यात नाक एवढं लांबलचक की पायलटला पुढे बघायला काचच नाही, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत चालवायचं. शॉकवेव्ह एकत्र जमू द्यायच्याच नाहीत म्हणजे खाली दणक्याऐवजी नुसता धप्प आवाज येईल, असा हिशोब आहे. टेस्ट संपल्या की ते अमेरिकेतल्या शहरांवरून उडवून लोकांना परत विचारणार आहेत, चालेल का म्हणून.