ॲक्सेस पॉइंटची जागा : घरगुती वाय-फायचे नियोजन

घरातल्या वाय-फायसाठी ॲक्सेस पॉइंट किती लागतील, ते कोणत्या खोलीत आणि किती उंचीवर बसवायचे, तिथपर्यंत वायर कशी न्यायची, हे आधी ठरवून घेण्याचे काम. ॲक्सेस पॉइंट म्हणजे केबलवरून आलेले नेटवर्क रेडिओलहरींवाटे फोन, लॅपटॉप, टीव्हीपर्यंत पोचवणारे उपकरण. बहुतेक घरांत ते सुटे नसतेच. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या एकाच डबीत फायबरचा मोडेम, राउटर आणि ॲक्सेस पॉइंट असे तिन्ही असतात. फायबर दारातून आत येते म्हणून ही डबी दारावरच, नाहीतर चपलांच्या कपाटामागे लागते. अभ्यास, ऑफिसचे काम आणि रात्रीचा सिनेमा मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला चालतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल अशी, मोजतात. फोनला मिळणाऱ्या सिग्नलचा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी होते, १० गेले की दहावा हिस्सा उरतो. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायचा तर −६७ डीबीएम किंवा त्याहून बरा सिग्नल हवा, असा व्यवसायातला प्रघात आहे. −८० च्या खाली फोनवर एखादी दांडी दिसते, पण पान उघडत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात. घरात मात्र खरी घट भिंती करतात. लाकडी दार किंवा जिप्समचे पार्टिशन ३-४ डेसिबल खाते, विटेची भिंत साधारण ५ ते १०, आणि सळयांचे काँक्रीट (आरसीसी) ५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी वरच्या पट्ट्याच्या, लहरींचे २० किंवा त्याहूनही अधिक. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.२०४० या शिफारशीत वीट, काँक्रीट, काच, लाकूड यांतून लहरी किती क्षीण होतात हे काढण्याची रीत दिलेली आहे. घरासाठी एवढ्या गणिताची गरज नाही. पण नकाशा पुढे घेऊन मधल्या भिंती मोजायलाच हव्यात. जागा मीटरवर ठरवू नये, भिंतींवर ठरवावी.

ठाणे, नवी मुंबई, पुण्यातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये हे फार ठळकपणे दिसते. तिथे ‘मिवान’ पद्धतीचे बांधकाम असते, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. हॉल आणि बेडरूममधली साधी आडभिंतही आरसीसीची. अशा फ्लॅटमध्ये दाराजवळचा राउटर १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएमने प्रक्षेपण करतो आणि मास्टर बेडरूममधला पलंग ८ मीटरवर आहे असे धरू. मध्ये काहीच नसते तर ५ गिगाहर्ट्झवर पलंगापाशी सुमारे −४५ डीबीएम मिळाले असते. विटेच्या दोन भिंती असत्या तरी −६० ते −६५ वर भागले असते. आरसीसीच्या दोन भिंती आल्या की आकडा −८५ ला जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचे नुकसान त्यामानाने कमी, एका काँक्रीटच्या भिंतीमागे १५ च्या आसपास. म्हणून त्याच पलंगावर त्या पट्ट्याचा सिग्नल −७० च्या घरात सापडतो. फोन आपोआप तो धरतो आणि ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही वेग पंधरा-वीसवर येतो. दोष प्लॅनचा नसतो, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊन तो जात नाही.

जास्त अँटेनांचा, ‘लाँग रेंज’ लिहिलेला राउटर घेणे हा या दुखण्यावरचा सर्वांत खपणारा आणि सर्वांत कमी उपयोगी इलाज. वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. राउटरची हाक फोनला ऐकू आली तरी फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोचावे लागते, आणि फोनची प्रक्षेपणशक्ती बहुधा राउटरपेक्षा कमी असते. शिवाय कायद्याचीही मर्यादा आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तारित पट्टा २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, तो ठरावीक शक्तीच्या आत राहण्याच्या अटीवर. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी २०२५ मध्ये मसुदा नियम निघाले, तेही प्रामुख्याने घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी. त्या लहरी भिंतीपुढे आणखी दुबळ्या. पुढची दिशाही अशीच आहे: उपकरणे छोटी, पण माणसे बसतात तिथे.

म्हणून मिवान फ्लॅटमध्ये एक मोठा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे ॲक्सेस पॉइंट घ्यावेत, एक हॉलसाठी आणि एक बेडरूमच्या पॅसेजमध्ये. पॅसेजची जागा विशेष सोयीची, कारण तिथे सगळ्या खोल्यांची दारे उघडतात आणि लहरी काँक्रीटऐवजी लाकडातून जातात. जाड भिंतींचा एक मोठा फायदा इथे पदरात पडतो: शेजाऱ्यांचे वाय-फायही त्या अडवतात, त्यामुळे आपल्या पॉइंटला शांत चॅनल, म्हणजे पट्ट्याचा कमी गर्दीचा तुकडा, मिळतो. विटांच्या जुन्या सोसायटीत हे सुख नाही. तिथे २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल सगळ्या मजल्याने वाटून घ्यायचे असतात. अशा ठिकाणी त्या पट्ट्यात चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी आणि कामाची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत.

दुसऱ्या पॉइंटपर्यंत नेटवर्क कसे न्यायचे, हा कळीचा मुद्दा. उत्तम उपाय कॅट-६ केबलचा. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग देते आणि कोणत्याही घराला तेवढी लांबी पुरून उरते. इंटिरिअरचे काम निघाले असेल तर डीबी बॉक्सपासून (विजेच्या स्विचांची मुख्य पेटी) पॅसेजच्या छतापर्यंत आणि टीव्ही युनिटपर्यंत रिकामा पाइप टाकून घ्यावा. विजेच्या वायरच्याच पाइपमध्ये ही लॅन (घरातल्या नेटवर्कची) केबल घालू देऊ नये. इलेक्ट्रिशियनला हे मुद्दाम सांगावे लागते. पीओपी झाल्यावर जाग आली तर स्कर्टिंगवरून केसिंग-पट्टी नेता येते, आणि रंग दिल्यावर ती नजरेत भरत नाही. कित्येकदा एवढेही लागत नाही. इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाकडून फायबरच आणखी दहा मीटर आत, घराच्या मध्यापर्यंत ओढून घेतले की छोट्या फ्लॅटचे काम एका डबीत भागते. फायबरला काटकोनात मुडपू मात्र नये.

केबल शक्यच नसेल तेव्हा मेश. यात पॉइंट एकमेकांशीही वाय-फायनेच बोलतात, आणि एकाच रेडिओवरून घेणे आणि देणे दोन्ही चालले तर वेग साधारण निम्मा होतो. लोक मेशची दुसरी डबी नेमकी जिथे रेंज नाही त्या खोलीत ठेवतात आणि मग ती तोच मेलेला सिग्नल पुढे वाटत बसते. ती वाटेत, पहिल्या डबीचा सिग्नल अजून −६० ते −६५ आहे अशा जागी ठेवायला हवी. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरताना त्याचे डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याला वेगळा आयपी, म्हणजे स्वतःचा पत्ता, द्यावा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची खोबण) लॅनच्या खोबणीत लावावी. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि प्रिंटर कोणालाच सापडत नाही.

सगळ्या पॉइंटना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला तरी चालताना पॉइंट कधी बदलायचा हे फोन स्वतः ठरवतो. आयफोन −७० डीबीएमला नव्याच्या शोधाला लागतो. दोन पॉइंट फार जवळ आणि पूर्ण शक्तीवर असतील तर सिग्नल तेवढा खाली येतच नाही, आणि फोन बेडरूममध्ये बसूनही हॉलच्या पॉइंटला चिकटून राहतो. म्हणून पॉइंट वाढवले की त्यांची शक्ती उतरवावी. २.४ ची आणखी खाली आणावी, कारण ती लांब पोचते.

उंचीबाबत: छतावरचा चपटा पॉइंट खाली आणि आजूबाजूला प्रक्षेपण करतो, तोच भिंतीवर उभा लावला तर बराच सिग्नल समोरच्या दिशेला जातो. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, थेट वर-खाली फार थोडा. टीव्हीच्या मागे, पत्र्याच्या कपाटावर, फिश टँकच्या आडोशाला किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारी पॉइंट ठेवू नये. धातू लहरी परतवतो, पाणी शोषते, आणि मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर मधला स्लॅब ही आडवी आरसीसी भिंतच समजावी आणि मजल्यागणिक एक पॉइंट धरावा. जिन्याची मोकळी जागा थोडी मदत करते. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या घरांत भिंती जाड असतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते, म्हणून मे महिन्यात बेताचा वाटणारा सिग्नल जुलैत अपुरा पडू शकतो. अशा घरात माजघरात एक आणि ओटीवर एक पॉइंट योग्य. जुन्या वाड्यांचेही असेच, फक्त तिथे भिंत फोडण्यापेक्षा तुळयांच्या कडेने केबल नेणे सोपे जाते.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी चाचणी करून घ्यावी. पॉइंट शिडीवर किंवा कपाटावर ठरलेल्या उंचीला तात्पुरता ठेवून, अँड्रॉइड फोनवर डीबीएम दाखवणारे ॲप उघडून, दारे लावून घरभर फिरायचे. आकडा फोन हातात नेहमीसारखा धरूनच वाचावा, कारण शरीरही काही डेसिबल अडवते. प्रत्येक खोलीतला आकडा नकाशावर लिहिला की पॉइंट हातभर सरकवायचा की दुसरा घ्यायचा हे लगेच कळते.

विजेचा विचार याच टप्प्यावर करावा. लाइट गेल्यावर फायबरची डबी आणि सगळे ॲक्सेस पॉइंट दोन्ही चालू राहिले तरच नेट राहते. छोट्या डबीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. डबीच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर तेवढे जुळवून घ्यावेत. पॉइंट अनेक असतील तर लॅन केबलमधूनच वीज पुरवणारा पीओई स्विच घ्यावा. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार तो एका पोर्टवर १५.४ वॅट देतो. मग इन्व्हर्टरवर तो स्विच आणि फायबरची डबी एवढेच जोडावे लागते, आणि छतावरच्या पॉइंटसाठी वेगळा प्लग काढावा लागत नाही.