डाउनलोड मोजू नका, टिकलेले मोजा

‘दहा लाख डाउनलोड!’ मधुमेह असो, झोप असो की ताणतणाव, आरोग्याच्या ॲपच्या जाहिरातीत असा एखादा आकडा असतोच. डाउनलोड करणं म्हणजे औषधाची बाटली घरी आणणं. औषध पोटात गेलं का, हे त्यावरून कळत नाही.

संशोधक अमित बॉमेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मानसिक आरोग्याच्या ९३ अँड्रॉइड ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला. तिसाव्या दिवशी टिकलेल्या वापरकर्त्यांचं प्रमाण, मध्यक (ओळीने लावलेल्या आकड्यांतला मधला) काढला तर, ३.३ टक्के निघालं.

हे टिकणं मोजायचं कसं? इथली युक्ती मला फार आवडते. सगळे एकाच तारखेला सुरुवात करत नाहीत. परवा आलेला माणूस तिसाव्या दिवशी असेल की नसेल, हे आज कोण सांगणार? कॅपलान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये यावर उपाय दिला. रुग्ण किती काळ जगतात, हे मोजायला वैद्यकशास्त्रात तो सर्रास वापरतात.

समजा, दहा जण आहेत. पहिल्या दिवशी चौघांनी ॲप सोडलं, म्हणजे टिकण्याची शक्यता ०.६. उरले सहा. त्यांतल्या दोघांची नोंद पाचव्या दिवसापर्यंतचीच आहे, कारण ते उशिरा आले. सातव्या दिवशी उरलेल्या चौघांतला एक गळला, म्हणजे त्या टप्प्यावर टिकण्याची शक्यता ०.७५. दोन्हींचा गुणाकार ०.४५, म्हणजे ४५ टक्के. त्या दोघांना ‘गळाले’ धरलं असतं तर ३० टक्के आले असते. मुळातच वगळलं असतं तर ३७.५. अर्धवट माहितीही जेवढी आहे तेवढी वापरायची, पुढचं गृहीत धरायचं नाही! अट एकच: नोंद अपुरी राहण्याचा आणि ॲप सोडण्याचा एकमेकांशी संबंध नसावा.

मात्र ‘नियमित वापरणाऱ्यांचं वजन घटलं’ अशा दाव्यावर लगेच विश्वास ठेवू नका. हृदयरोगावरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत (निष्कर्ष १९८०) औषधाचा अंशही नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांची तुलना झाली. त्या नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, टाळाटाळ करणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. नेम पाळणारी माणसंच मुळात वेगळी होती. म्हणून ॲपचा गुण पाहायचा तर ते कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं, आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही त्यांच्या मूळ गटातच मोजावं लागतं.