लाकडी सर्फबोर्ड : पांगिऱ्याच्या जातीतली फळी

कृष्णाकाठच्या गावांत विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधत. लाकूड इतकं हलकं की पोर बुडायची भीती नसे. याच पांगिऱ्याच्या प्रजातीतलं विलीविली नावाचं झाड हवाई बेटांवर वाढतं, आणि तिथल्या सरदारांच्या लाटांवर स्वार व्हायच्या लांबलचक ‘ओलो’ फळ्या त्याच्यापासून करत. लाकडी सर्फबोर्डाचे फायदे समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

सामान्य माणसं ‘अलाया’ वापरत. ही फळी कोआ या हवाईयन झाडाच्या किंवा नीरफणसाच्या लाकडाची, पातळ आणि आखूड. तिला खाली माशाच्या परासारखी पट्टी (फिन) नसे. लाटेच्या उतारावर ती नुसत्या कडेने पाणी धरायची. कुकुई नावाच्या झाडाच्या बियांचं तेल तिच्यात मुरवत. कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये हवाईतला हा खेळ लिहून ठेवला. १८८५ मध्ये तीन हवाईयन राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या.

भरीव लाकडाची अडचण एकच, वजन. ती सोडवली टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर त्याच्याबद्दल वाटतो. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या जुन्या ओलो फळ्या त्याने दुरुस्त केल्या, त्यांच्यासारखी नवी घडवताना लाकडाला आरपार भोकं पाडली, ते सुकू दिलं आणि वरून-खालून पातळ लाकूड बसवलं. पुढे आत फासळ्या घालून पोकळ बोर्ड आला. १९३२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मिरजेच्या सतारमेकर मंडळींना यातली अक्कल लगेच कळेल. अशा बोर्डाला हवा जायला छोटं बूच असतं, कारण उन्हात आतली हवा फुगली तर सांधे उकलतात.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा फोम आला आणि लाकूड मागे पडलं. फोम पटकन कापता येतो आणि हलका असतो, म्हणून कारखान्यांना सोयीचा. पण त्यासाठी लागणारी रसायनं विषारी. वरचं फायबरग्लासचं कवच तडकलं की फोम पाणी पितो. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा गाभा पुरवणारी क्लार्क फोम ही कंपनी डिसेंबर २००५ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा अनेक कारागिरांना पर्याय शोधावे लागले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात टॉम वेगेनर या बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने पॉलोनियाच्या लाकडातून अलाया पुन्हा घडवली. पॉलोनिया वजनाला हलकं, खाऱ्या पाण्यालाही टिकतं. तेल लावलं की पुरे, फायबरग्लासची गरज नाही.

फायदा खरा कळतो तो लाटेवर. फोमपेक्षा जास्त वजनामुळे लाकडी बोर्ड एकदा धरलेला वेग सहज सोडत नाही. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं तरी हलक्या फोमसारखा थरथरत नाही. ठोकर लागली तर घासून, तेल लावून परत पाण्यात नेता येतो, आणि नीट जपला तर बरीच वर्षं जातो. झटक्यात वळणं घेणाऱ्याला मात्र त्याचं वजन जाचेल. त्याने फोमच घ्यावा. लांब, संथ घसरणीचा नाद असेल त्याने लाकूडच निवडावं.