माळ्याचे काचघर आणि क्रिस्टल पॅलेस

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या लोखंड-काचेच्या इमारतीचे मूळ एका बागेत आहे. तिचे रचनाकार जोसेफ पॅक्स्टन हे वास्तुविशारद नव्हते, तर चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेचे प्रमुख माळी होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले प्रचंड पानांचे कमळ त्यांनी १८४९मध्ये फुलवले आणि पान किती भार पेलते हे दाखवण्यासाठी आपल्या मुलीलाच त्यावर उभे केले. या पानाच्या शिरांवरून इमारत सुचली, असे ते सांगत. मात्र प्रत्यक्षात उपयोगी पडला तो काचघरे बांधण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव.

प्रदर्शनाच्या बांधकाम समितीने आलेले २४५ आराखडे नाकारून विटांची, अवाढव्य घुमटाची स्वतःची योजना पुढे केली होती. तिच्याविरुद्ध ओरड चालू असतानाच, जून १८५०मध्ये, रेल्वे कंपनीच्या एका बैठकीत पॅक्स्टन यांनी टिपकागदावर आपली कल्पना रेखाटली. काचेवरचा कर १८४५मध्ये उठलेला असल्याने ती परवडणारीही होती.

साऱ्या रचनेला २४ फुटांचे एकच माप होते. खांब, तुळया आणि सुमारे तीन लाख तावदाने ठरावीक मापांत कारखान्यांतून तयार होऊन येत आणि जागेवर फक्त जोडली जात. त्यामुळे १,८४८ फूट लांबीची इमारत वर्षाच्या आत उभी राहिली. छपरावरच्या पन्हळींतून चाकांच्या गाड्या सरकत आणि त्यांत बसून कारागीर तावदाने बसवत जात. त्याच पन्हळींच्या दोन्ही कडांना काचेच्या आतल्या बाजूने ओघळणाऱ्या दवासाठी खाचा होत्या, तर पावसाचे पाणी पोकळ लोखंडी खांबांतून खाली उतरे. या पन्हळी लाकडाच्या होत्या. लोखंड-काचेची म्हणून गाजलेल्या या इमारतीत लाकूड किती होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

तिच्या धर्तीवर न्यूयॉर्क (१८५३) आणि म्युनिक (१८५४) येथे उभारलेले काचमहाल अनुक्रमे १८५८ आणि १९३१मध्ये जळाले. दक्षिण लंडनमधील सिडनहॅमला हलवून वाढवलेला मूळ महालही ३० नोव्हेंबर १९३६ रोजी आगीत गेला. प्रदर्शनमंडपांपेक्षा हे तंत्र रेल्वे स्थानकांत अधिक टिकले. पॅडिंग्टनचे छप्पर (१८५४) क्रिस्टल पॅलेसच्याच कंत्राटदारांनी, फॉक्स हेंडरसन यांनी, उभारले. सेंट पँक्रसची कमान (१८६८) तर मध्ये एकही खांब न घेता सुमारे २४० फूट रुंदी झाकते.

या कमानीवर काम करणारे अभियंते रोलँड मेसन ऑर्डिश यांनी तरुणपणी क्रिस्टल पॅलेसची रेखाटने केली होती. मुंबईतील काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल (१८६७–६९) ही त्यांचीच रचना. त्याचे बिडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि येथे जोडल्या. काचेच्या जागी विटांची भरणी आली, भार मात्र लोखंडी सांगाड्यावरच राहिला.