माणसाचा भाव : अपहरणाच्या बनावामागचा इतिहास

मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा ठरून गेलेला आहे : ‘अपहरणाचा बनाव उघड’. खालची बातमी वाचायचीही गरज पडत नाही. कुणाला तरी पैशांची निकड होती, दोन मित्र मदतीला होते, घरी फोन गेला, आणि पोलिसांनी एकाला जरा आवाज चढवून विचारल्यावर बाकीच्यांची नावं आपोआप बाहेर आली. चित्रपटवाल्यांना यातून वर्षानुवर्षं पटकथा मिळत आल्या आहेत. दोन-तीन कफल्लक मित्र, एक श्रीमंत बाप, ‘कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही’ अशी एकमेकांना दिलेली ग्वाही, आणि मग पुढचे दोन तास निस्तरणं.

या प्रकाराबद्दल लिहिताना सगळे त्यातल्या घोटाळ्यांवर बोट ठेवतात : भलत्यालाच उचललं, बॅगा बदलल्या, दोरी बांधता येईना. हे घोटाळे कुठल्याही चोरीच्या गोष्टीत चालतात. अपहरणाच्या विनोदाचं खास भांडवल निराळं आहे, आणि ते म्हणजे घासाघीस. खंडणी मागणारा एका घराला विचारतो की तुमच्या माणसाची किंमत किती, आणि घरातून येणारं उत्तर अपेक्षेपेक्षा फारच वेगळं निघतं. ‘खंडणी’ हा शब्दसुद्धा ‘खंडणे’, म्हणजे रक्कम ठरवून टाकणे, यातलाच. मराठेशाहीच्या कागदांत ती मुलखाकडून ठरवून घ्यायची रक्कम होती, धमकीचा वास तिला नंतर चिकटला. व्यवहार मात्र भाव ठरवण्याचाच राहिला.

याचा सर्वांत जुना गाजलेला किस्सा ज्युलियस सीझरचा. इसवी सनापूर्वी ७५ च्या सुमारास, पंचविशीतल्या सीझरला चाच्यांनी धरलं आणि २० टॅलेंट, म्हणजे वजनाने मोजलेली भरपूर चांदी, मागितली. प्लूटार्कने लिहिलंय की सीझर हसला. आपण कोणाला धरलंय हे तुम्हाला कळलेलंच नाही, असं म्हणून त्याने स्वतःच आकडा ५० वर नेला. पुढचे ३८ दिवस तो त्यांच्यात पाहुण्यासारखा राहिला. झोपायची वेळ झाली की गप्प बसायला सांगे, स्वतःच्या कविता वाचून दाखवी, आणि दाद मिळाली नाही तर तोंडावर अडाणी म्हणे. सुटल्यावर तुम्हाला सुळावर चढवीन, असंही तो हसत हसत सांगायचा. चाच्यांना ते थट्टेचं वाटलं. त्याने ते खरं करून दाखवलं. शेवट सोडला तर ओलीस धरलेला माणूसच घरमालक होऊन बसतो, ही आजच्या विनोदी चित्रपटांची युक्ती इथे पूर्ण तयार आहे.

पुढे भूमध्य समुद्रात माणसं धरणं हा सरळ बाजार झाला. ‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्व्हान्तेस १५७५ मध्ये समुद्री चाच्यांच्या हाती सापडला तेव्हा त्याच्या खिशात बड्या लोकांची शिफारसपत्रं होती. ती पत्रं नोकरीसाठी होती, पण अल्जियर्सच्या मालकाने ती वाचून कैदी मोठा असामी आहे असं धरलं आणि भाव चढवला. ५०० सोन्याचे एस्कुदो जमायला पाच वर्षं लागली. शिफारसपत्राने कुणाचं इतकं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या बाजाराची सगळ्यांना सवय झाली होती, म्हणूनच त्याची नक्कल करणं शक्य झालं. फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘स्कापँची लबाडी’ १६७१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलं, आणि माझ्या मते अपहरणाच्या बनावाची सगळी विनोदी परंपरा त्यातल्या एका प्रवेशातून निघते. नेपल्स शहर. लेआँद्र या तरुणाला प्रेयसीला सोडवण्यासाठी पैसे हवेत आणि बाप जेराँत कमालीचा चिक्कू. नोकर स्कापँ धापा टाकत येतो : धनी, घात झाला! आम्ही धक्क्यावर फिरत होतो, एका तुर्काने गलबतावर बोलावलं, फळं दिली, दारू पाजली, आणि खाता खाता गलबत समुद्रात गेलं. ५०० एकू पाठवा, नाहीतर पोराला अल्जियर्सला नेतो म्हणतो. मुदत दोन तास.

बापाच्या तोंडून काय निघावं? ‘मेला त्या गलबतावर गेला होता कशाला?’

स्कापँ उत्तर देतो, बाप उपाय सुचवतो, स्कापँ तो खोडतो, की पुन्हा तेच : गलबतावर गेला होता कशाला? उपाय तर एकाहून एक. आधी पोलीस पाठव म्हणतो, भर समुद्रात! मग म्हणतो, तूच जा आणि त्याच्या जागी ओलीस राहा. मग माळ्यावरच्या कपड्यांची किल्ली देतो, जुने कपडे जुन्या बाजारात विक आणि पोराला सोडव. शेवटी नाइलाजाने पैशांची थैली बाहेर काढतो, हात पुढे करतो, तावातावाने त्या तुर्काला शिव्या घालतो, आणि बोलण्याच्या भरात थैली परत स्वतःच्या खिशात घालतो. स्कापँला धावत जाऊन आठवण करून द्यावी लागते. या प्रवेशाचा सांगाडा सिरानो द बेर्जराकच्या १६५४ मध्ये छापलेल्या नाटकातून उचललेला आहे, गलबताच्या वाक्यासकट. पण थैली खिशात जाते तो क्षण रंगमंचावर सोन्याचा आहे, आणि ते वाक्य तर फ्रेंचमध्ये म्हण होऊन बसलं. भलत्या भानगडीत पडलेल्याला आजही तसंच विचारतात.

लक्षात घ्या, इथे अपहरण नाही, तुर्क नाही, गलबत नाही. आहे तो फक्त आकडा आणि एक चिक्कू बाप. पुढच्या साडेतीनशे वर्षांत या प्रकारात भर पडली ती बहुतेक उपकरणांची.

मोठी भर म्हणावी अशी एकच, १९०७ ची. ओ. हेन्रीच्या ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या कथेत दोन भुरटे अलाबामातल्या एका गावातून सधन माणसाचा दहा वर्षांचा मुलगा पळवतात. मुलगा इतका वांड की त्याला ओलीस राहणं म्हणजे सुट्टी वाटते. एका चोराला तो घोडा करून त्याच्यावर बसतो. मागायचे असतात २००० डॉलर, पण घोडा झालेला चोर गयावया करून ते १५०० वर आणायला लावतो, कारण या पोराला एवढे कोण देईल? बापाचं पत्र येतं : मला २५० डॉलर द्या, तर परत घेतो. वर सूचना, रात्री या, कारण पोरगं हरवलं म्हणून शेजारी खुशीत आहेत, त्यांनी तुमचं काही केलं तर मी जबाबदार नाही. भाव शून्याच्याही खाली गेला. लेखकाने स्वतः बँकेच्या पैशांच्या अपहाराच्या आरोपाखाली तीन वर्षं तुरुंगात काढली होती. चोरांच्या हिशेबीपणाकडे बघायची त्याची नजर मवाळ आहे, ती कदाचित तिथलीच.

हसण्यासारखं काही नव्हतं अशा घटनाही त्याच काळात घडत होत्या. १८७४ मध्ये फिलाडेल्फियातून चार वर्षांचा चार्ली रॉस पळवला गेला, २०,००० डॉलरची मागणी करणारी अशुद्ध स्पेलिंगची पत्रं आली, मूल कधीच सापडलं नाही. १९३२ मध्ये विख्यात वैमानिक लिंडबर्गचं बाळ मेलेलं सापडलं आणि अमेरिकेत अपहरणाचा स्वतंत्र संघराज्य कायदा झाला. आपल्याकडे दंड संहितेत ३६४-अ हे खंडणीसाठीच्या अपहरणाचं कलम १९९३ मध्ये आलं, त्यात फाशीपर्यंतची तरतूद होती; २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत आहे. बनावाची विनोदी गोष्ट या खऱ्या भीतीच्या सावलीतच रंगते. पात्रांना वाटतं आपण खेळ करतोय, आणि बाहेरचं जग तो खेळ मानायला तयार नसतं.

८ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेतल्या लेक टाहोच्या बर्फात जे घडलं ते लिहून दिलं असतं तर कुठल्याही निर्मात्याने ‘अतिशयोक्ती’ म्हणून परत पाठवलं असतं. विख्यात गायक फ्रँक सिनात्राचा १९ वर्षांचा, स्वतःही गाणारा मुलगा खोलीतून पळवला गेला. पळवणारे तेविशीतले दोन शाळासोबती आणि फोनवर बोलायला घेतलेला एक ४२ वर्षांचा रंगारी. मुख्य सूत्रधाराने नंतर सांगितलं की ही रक्कम गुंतवून पुढे सिनात्राला परत करायचा त्याचा बेत होता, म्हणजे त्याच्या लेखी हे बिनतारणी कर्ज होतं. सिनात्राने दहा लाख डॉलर द्यायची तयारी दाखवली. यांनी मागितले २,४०,०००, आणि त्यावरच अडून राहिले! भाव पाडून घेणारे अपहरणकर्ते इतिहासात विरळाच. दोघं पैसे आणायला गेले तेव्हा मागे राहिलेल्या रंगाऱ्याचा धीर सुटला आणि त्याने मुलाला सोडून दिलं. मग त्याने भावाला सगळं सांगितलं, भावाने एफबीआयला. बोलणी सार्वजनिक फोनवरून चालली होती. सुट्टी नाणी संपली तर फोन तुटेल या धसक्याने सिनात्रा त्यानंतर खिशात कायम नाणी बाळगायचा असं सांगतात. खटल्यात बचाव काय होता? हे अपहरण मुलाने प्रसिद्धीसाठी केलेला बनाव होता. ज्यूरीने मानलं नाही, पण ती कुजबुज मुलाच्या मागे अनेक वर्षं राहिली.

‘बनाव असेल’ हा संशय दहा वर्षांनी फार महाग पडला. १९७३ मध्ये रोममधून तेलसम्राट गेटीचा १६ वर्षांचा नातू नाहीसा झाला. तो स्वतःच्या अपहरणाच्या गप्पा मारायचा, म्हणून घरच्यांना आधी त्याचाच खेळ वाटला. मागणी १ कोटी ७० लाख डॉलरची होती. नोव्हेंबरमध्ये कापलेला कान टपालाने आला, तेव्हा कुठे आजोबा हलले. आकडा सुमारे ३० लाखांवर आला. करात वजावट मिळेल तेवढेच २२ लाख आजोबांनी दिले आणि उरलेले स्वतःच्या मुलाला, म्हणजे त्या नातवाच्या बापाला, ४ टक्के व्याजाने उसने दिले. जेराँत खरोखर जन्माला आला होता, फक्त इथे हसायची सोय नव्हती.

चित्रपटांनी या सगळ्यातून हवं ते उचललं. ‘रूथलेस पीपल’मध्ये, १९८६ साली, बायकोला पळवल्याचं कळताच नवरा खूश होतो. पैसे देणारच नाही म्हटल्यावर अपहरणकर्ते रक्कम उतरवत नेतात, आणि बायको भडकते ती आपला भाव पडला म्हणून. ‘फार्गो’ला, १९९६ साली, विनोदी म्हणताना जीभ अडखळते, पण गाभा तोच : कर्जबाजारी जावई भाड्याचे दोन गुंड लावून स्वतःच्याच बायकोला पळवतो, गुंडांना सांगतो ८०,००० डॉलर आणि सासऱ्याला सांगतो दहा लाख. सासरा पक्का व्यापारी. पोरगी गुंडांच्या ताब्यात असताना तो विचारतो, आपण पाच लाखांवर बोलणी सुरू केली तर?

मराठीत हा घाट १९८७ च्या ‘गंमत जंमत’ने रुजवला. सचिनचं दिग्दर्शन, पैशांच्या अडचणीतले मित्र म्हणून सचिन आणि अशोक सराफ, आणि श्रीमंताघरची मुलगी म्हणून वर्षा उसगांवकर पहिल्यांदाच पडद्यावर. लोकांच्या आठवणीत मात्र किशोरकुमारने गायलेलं ‘अश्विनी ये ना’ उरलं. गोष्ट गाण्याच्या मागे गेली, हे तिच्यावर जरा अन्यायाचं आहे.

दोन वर्षांनी मल्याळममध्ये सिद्दीक-लाल यांचा ‘रामजी राव स्पीकिंग’ आला. नावातच फोन. त्याचाच हिंदी अवतार २००० सालचा ‘हेरा फेरी’. मुळातली कल्पना १९७१ च्या एका अमेरिकी टीव्हीपटातली : खंडणीचा फोन चुकून भलत्याच्याच घरी लागतो. बाबूराव गणपतराव आपटे आणि त्याचे दोन भाडेकरू अपहरण करत नाहीत, त्यांना तेवढं जमणारही नाही. ते दलाली करतात. खालून आलेला आकडा वाढवून वर कळवायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. स्कापँनंतर या प्रकारात इतकी नेमकी भर क्वचितच कुणी घातली असेल, आणि ती डिरेक्टरीतल्या एका चुकीवर उभी आहे हे आणखी छान. आज ही गोष्ट लिहिता येणार नाही. नंबर आधी स्क्रीनवर दिसतो.

नंतरच्यांनी भावाशी खेळणं सोडलं नाही. ‘फँस गये रे ओबामा’मध्ये, २०१० साली, उचललेला अनिवासी भारतीय मंदीत धुतला गेलेला असतो. कंगाल ओलीस एका टोळीकडून दुसऱ्या टोळीकडे खपवला जातो, बुडीत कर्जासारखा. २०१३ च्या तमिळ ‘सूदु कव्वुम’मधल्या टोळीला घरच्यांच्या ऐपतीत बसेल एवढीच खंडणी मागायचा नियम असतो. त्यांची गाठ पडते स्वतःच्याच अपहरणाचा बनाव आखून बसलेल्या मंत्रिपुत्राशी, आणि बाप निघतो प्रामाणिक, म्हणजे द्यायला पैसेच नाहीत.

अलीकडे बनाव फोनवाल्या भामट्यांच्या हातात गेला आहे. कुणी कुणाला उचलत नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलाला धमकावून एकांतात जायला लावतात, बांधल्यासारखे फोटो काढायला सांगतात आणि ते आईबापांना पाठवतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात १७ वर्षांचा एक चिनी विद्यार्थी असाच नाहीसा झाला. चीनमधल्या घरच्यांनी सुमारे ८०,००० डॉलर भरले होते. पोलिसांना तो कडाक्याच्या थंडीत डोंगरातल्या तंबूत सापडला. आसपास अपहरणकर्ता नव्हता, कधी नव्हताच. त्याने पोलिसांकडे दोन गोष्टी मागितल्या : घरच्यांशी बोलायचंय, आणि एक गरम चीजबर्गर.